गाडीत सबवूफर आणि अ‍ॅम्प स्वतः बसवताना

पखवाजाच्या डाव्या पुडीला कणीक लावतात ती थाप खोल जावी म्हणून. बाबा गावच्या भजनी मंडळात वर्षानुवर्षं पखवाज वाजवत आले, त्यामुळे ती थाप कशी उमटायला हवी हे आमच्या घरात कुणाला सांगावं लागत नाही. आमच्या २०१८ च्या स्विफ्टमध्ये मात्र मंडळाचं रेकॉर्डिंग लावलं की टाळ स्वच्छ, पेटी स्वच्छ, उजव्या हाताचे बोल स्वच्छ आणि डाव्या हाताचं नुसतं ‘टप्’. कंपनीने दारात दिलेले स्पीकर वाईट नाहीत. पण एवढ्याशा पडद्याला ७०-८० हर्ट्झच्या (सेकंदाला तेवढ्या कंपनांच्या) खालच्या सुरांसाठी हवा हलवणं झेपत नाही. स्टिरिओतला बेस वाढवला की थाप खोल होत नाही, दाराचा पत्रा तेवढा थरथरतो. खालच्या आवाजासाठी वेगळा स्पीकर, म्हणजे सबवूफर, हवा आणि त्याला ताकद पुरवायला वेगळा अ‍ॅम्प्लिफायर, यातून सुटका नाही.

दुकानात गाडी लावून बसवून घेणं सोपं होतं. मजुरीही फार नसते. पण ओळखीच्या एकांच्या गाडीत मी एका दुकानाने केलेलं काम पाहिलं होतं. बॅटरीवरून निघालेली लाल वायर इंजिनाच्या मागच्या पत्र्यातल्या भोकातून तशीच आत घेतलेली, पत्र्याची धार थेट वायरच्या आवरणावर टेकलेली, आणि फ्यूज कुठे, तर मागे डिकीत, अ‍ॅम्पच्या शेजारी. म्हणजे बॅटरीपासून डिकीपर्यंतच्या चार-पाच मीटर वायरीला कसलंच संरक्षण नाही. बारा व्होल्टचा शॉक बसत नाही, म्हणून लोक गाडीच्या बॅटरीला निरुपद्रवी समजतात. पण त्या वायरीचं आवरण पत्र्यावर घासून फाटलं आणि तांबं बॉडीला लागलं, तर तीच बॅटरी काहीशे अँपिअर ओतते. वायर लाल होते, शेजारचा गालिचा पेटतो. अ‍ॅम्पच्या आत त्याचा स्वतःचा फ्यूज असतोच. बाहेरचा फ्यूज या लांब वायरीसाठी आहे, आणि म्हणून तो बॅटरीपासून दीड फुटाच्या आत हवा. हे काम स्वतः केलं तर एकूण एक जोड आपल्या नजरेखालून जाईल, एवढ्या एका कारणासाठी मी ते हातात घेतलं.

खरेदीत सगळ्यात जास्त घोळ वॅटचा होतो. वूफरच्या खोक्यावर मोठ्या अक्षरात १३०० वॅट छापलेलं असतं. तो आकडा क्षणभराच्या झटक्याचा. बघायचा तो आरएमएस, म्हणजे सतत झेपणाऱ्या ताकदीचा आकडा, आणि तो मागच्या बाजूला बारीक अक्षरात सापडतो. मी दहा इंची वूफर घेतला, चार ओहमचा, २५० वॅट आरएमएस. त्याला मोनो (एकाच स्पीकरसाठीचा), क्लास डी (कमी वीज वाया घालवणाऱ्या प्रकारचा) अ‍ॅम्प, चार ओहमला तेवढेच २५० वॅट देणारा. दुकानदार बारा इंची घ्या म्हणून मागे लागले होते. पण स्विफ्टची डिकीच मुळात २६८ लिटरची. बारा इंचीचा बॉक्स आत गेला की गावाहून येताना तांदळाचं पोतं ठेवायला जागा नाही. शिवाय मला चौकात काचा हलवायच्या नव्हत्या, थाप ऐकायची होती. सीएनजीची गाडी असेल तर डिकीत सिलिंडर असतो. तिथे सीटखाली मावणारा, अ‍ॅम्प पोटातच असलेला चपटा वूफर घ्यावा. तो दहा इंचीइतका खोल जात नाही, तरी नुसत्या दाराच्या स्पीकरपेक्षा पुष्कळ बरा.

वायर किती जाड हवी, याचा हिशेब अवघड नाही. क्लास डी अ‍ॅम्प साधारण ८० टक्के कार्यक्षम धरला, तर २५० वॅट बाहेर काढायला त्याला ३१० वॅटच्या आसपास आत लागतात. इंजिन चालू असताना गाडीत साधारण १३.८ व्होल्ट असतात. भागाकार केला की बावीस-तेवीस अँपिअर. एवढ्याला आठ गेजची तांब्याची वायर आणि ४० अँपिअरचा फ्यूज व्यवस्थित पुरतो. अट एकच, वायर खरोखर तांब्याची हवी.

पुण्याच्या नाना पेठेत पहिल्याच काउंटरवर वायरिंग किट समोर आलं. लाल वायर दिसायला चांगली करंगळीएवढी, पण हातात घेतल्यावर जाडीच्या मानाने हलकी. मी विचारलं, “दादा, एक तार खरवडून बघू का?” त्यांनी स्वतःच ब्लेड पुढे केलं. वरून तांबूस दिसणारी तार दोनदा खरवडल्यावर आतून पांढरी निघाली. अ‍ॅल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा. “सगळे हेच नेतात साहेब, प्युअर कॉपर डबल पडेल.” डबल तर डबल, पण तीच दाखवा, म्हटल्यावर त्यांनी आतून दुसरं बंडल आणलं. ती वायर बारीक दिसत होती आणि वजनाला जड होती. खरवडली तरी लालच. मुलाम्याची वायर तांब्याच्या साधारण दोन तृतीयांशच वीज वाहून नेते, त्यामुळे तीच घ्यायची तर एक-दोन गेज जाड घ्यावी लागते. आणि अ‍ॅल्युमिनियम स्क्रूखाली दबत जातं, जोड काही महिन्यांनी सैल होतो, सैल जोड तापतो. किटच्या जाडीवर जाऊ नका, त्या जाडीत प्लॅस्टिकच जास्त असतं. फ्यूज होल्डर, तांब्याचे लग (वायरीच्या टोकाला बसवून बोल्टखाली आवळायच्या कड्या), नागमोडी काळी स्लीव्ह, उष्णतेने आवळणाऱ्या नळ्या हे बारीकसारीक सामान तपकीर गल्लीत घेतलं.

बॉक्स तयार मिळतो. मी तो बनवला, आणि त्याचं कारण पुन्हा पखवाजच. बाजारातले बहुतेक तयार बॉक्स पुढे भोक असलेले, पोर्टेड असतात. त्यांचा आवाज मोठा, पण ज्या सुरावर ते जुळवलेले असतात तिथे घुमारा जरा लांबतो. डीजेच्या गाण्यांना ते शोभतं. पखवाजाची थाप पडली की संपली पाहिजे. त्यासाठी बंद, सीलबंद बॉक्स. माझ्या वूफरच्या कागदावर पाऊण घनफूट, म्हणजे साधारण २१ लिटर जागा सांगितली होती. आतून ३८ बाय ३२ बाय २० सेंटिमीटर धरलं की २४.३ लिटर होतात. त्यातून वूफरचं धूड आणि आतली आडवी पट्टी वजा जाता हवी तेवढी जागा उरते. लाकूड १८ मिलिमीटर एमडीएफ. प्लायवाल्याकडेच मशिनवर फळ्या कापून घेतल्या, कारण काटकोनात जराही फरक पडला की सांध्यातून हवा जाते. गोल भोक तेवढं घरी जिगसॉने पाडलं. तोंडाला मास्क लावूनच. एमडीएफची धूळ पिठासारखी बारीक असते आणि छातीत बसते. फेव्हिकॉल, स्क्रू, आतून प्रत्येक सांध्यावर सिलिकॉन, आणि सिलिकॉन वाळून त्याचा आंबूस वास पूर्ण गेल्यावरच वूफर बसवला. बॉक्स बंद झाला का, हे पाहायची रीत साधी आहे. पडदा बोटांनी सगळीकडून सारखा, हळूच आत दाबायचा आणि सोडायचा. तो पटकन उसळला तर कुठून तरी हवा जातेय. माझा जड होऊन सावकाश वर आला.

मग गाडी. सोबतीला मेहुणा आला होता. त्याचं पहिलं वाक्य, “दाजी, आधी बॅटरी सोडा.” बरोबरच होतं. दहाच्या पान्याने आधी निगेटिव्ह, मग काम. पॉझिटिव्ह आधी सोडायला गेलं आणि पाना बॉडीला टेकला तर तिथेच ठिणगी पडते. निगेटिव्ह सुटलेली असली की पाना कुठेही लागला तरी काही होत नाही. सोडलेल्या निगेटिव्हवर जुनं फडकं गुंडाळून ती बाजूला बांधून ठेवली.

सगळ्या कामात कठीण टप्पा होता वायर इंजिनाकडून केबिनमध्ये आणणं. मधल्या पत्र्याला नवं भोक पाडायची गरज नव्हती. कंपनीची वायरिंग जिथून आत येते तिथे मोठं रबरी बूच असतं, आणि त्याला बऱ्याचदा एखादं बंद टोक मोकळं असतं. त्या टोकाला ब्लेडने छोटी चीर दिली, कपड्याच्या हँगरची तार सरळ करून तिच्या टोकाला लाल वायर टेपने चिकटवली आणि तार आतून ओढली. टेप निमुळती गुंडाळायची. तिथे गाठ राहिली की बूचच जागेवरून निघून येतं. मेहुणा बाहेरून सारत होता, मी पायाजवळ डोकं घालून आतून ओढत होतो. आली एकदाची. चिरेभोवती दोन्हीकडून सिलिकॉन भरलं. पुण्याचा पाऊस असो की कोकणातला, तो असल्या जागा बरोबर शोधून काढतो. इंजिनाच्या बाजूला सगळी वायर स्लीव्हमध्ये, कंपनीच्या वायरिंगला टाय मारून, सायलेन्सरच्या गरम नळीपासून लांब ठेवली. आमच्या पार्किंगमध्ये उंदरांचाही त्रास आहे. म्हणून फ्यूजच्या आधीच्या वीतभर तुकड्यावर मी स्लीव्हच्या वर आणखी एक जाड नळी चढवली. तेवढाच तुकडा फ्यूजच्या संरक्षणाबाहेर असतो, त्याची जास्त काळजी घ्यावी.

आत आल्यावर काम भराभर झालं. दाराखालच्या पायपट्ट्या क्लिपवर असतात, प्लॅस्टिकच्या चपट्या पट्टीने उचलल्या की निघतात. लोखंडी स्क्रू ड्रायव्हर घातला की ओरखडे पडतात. पॉवरची वायर एका बाजूने नेली, आवाजाची वायर दुसऱ्या बाजूने. दोन्ही एकत्र बांधल्या तर इंजिनाच्या वेगाबरोबर चढणारी ‘ऊंऽऽ’ अशी शिट्टी स्पीकरमध्ये यायचा धोका असतो. एकीने दुसरीला ओलांडायचंच झालं तर काटकोनात ओलांडावं. पिवळं आवरण किंवा पिवळा कपलर दिसला की तो एअरबॅगचा, त्याला हात लावायचा नाही, त्याच्याशी आपली वायर बांधायचीही नाही.

आमच्या स्टिरिओला मागे आरसीएची, म्हणजे अ‍ॅम्पला आवाज द्यायची गोल, सॉकेटं नाहीत. कंपनीच्या बऱ्याच स्टिरिओंना नसतात. म्हणून स्पीकरच्याच तारांवरून आवाज उचलणारा, हाय लेव्हल इनपुटचा अ‍ॅम्प मी पाहून घेतला होता. तार कापून पीळ द्यायचा नव्हता. कंपनीच्या कपलरमध्ये मधोमध बसणारा हार्नेस, म्हणजे तयार तारांचा जोड, मिळतो, तो लावला की मूळ वायरिंगला एकही काप जात नाही, आणि उद्या काढायचा झाला तर गाडी जशी होती तशी. गाडी वॉरंटीत असेल तर हे खास लक्षात ठेवा. कापलेली तार दिसली की इलेक्ट्रिकल कामाची वॉरंटी नाकारायला कारण मिळतं. या अ‍ॅम्पला चालू हो म्हणून सांगणारी वेगळी निळी रिमोट वायरही लागली नाही. स्टिरिओ चालू झाला की त्याच्या स्पीकरच्या तारांवर बहुतेक वेळा सहा व्होल्टच्या आसपास डीसी येतो, तो ओळखून अ‍ॅम्प जागा होतो. तुमच्या अ‍ॅम्पला ही सोय नसेल तर चावी फिरवल्यावर चालू होणाऱ्या लाइनवरून रिमोट घ्या. थेट बॅटरीवरून घेतलात तर अ‍ॅम्प रात्रभर जागा राहील.

अर्थवर मी सगळ्यात जास्त वेळ दिला. लाल वायर कितीही चांगली असली तरी तेवढीच वीज अर्थच्या जोडातून परत जायची असते, आणि लोक नेमका तोच जोड रंगावर वॉशर ठेवून आवळतात. डिकीतला पहिला बोल्ट सोयीचा होता, पण मीटर लावल्यावर त्याचे दोन्ही काटे एकमेकांना टेकवून येणाऱ्या आकड्यापेक्षा वाचन बरंच वर दिसलं. तो बोल्ट ज्या पट्टीत होता ती मधल्या सीलंटमुळे बॉडीला नीट भिडलेली नव्हती. तो सोडला. मागच्या सीटच्या पाठीजवळ जाड पत्र्यावर दुसरी जागा सापडली. तिथला रंग पॉलिश पेपरने घासला, रुपयाएवढी जागा चकचकीत पांढरी होईपर्यंत. दातेरी वॉशर, त्यावर लग, मग नट, आणि आवळून झाल्यावर वरून ग्रीस, कारण उघडा पत्रा पहिल्याच पावसाळ्यात गंजतो. अर्थची वायर दीड फुटाच्या आत ठेवली, जाडी लाल वायरीइतकीच. भोक पाडायची वेळ आली असती तर आधी खाली वाकून पाहिलं असतं. अशा गाड्यांत पेट्रोलची टाकी मागच्या सीटखाली असते, तिथे ड्रिल घालणं म्हणजे जिवाशी खेळ.

अ‍ॅम्प बॉक्सवर स्क्रूने ठोकायची पद्धत आहे, ती मला पटत नाही. बॉक्स थरथरतो, अ‍ॅम्पच्या आतले टाके थरथरतात. मी सीटच्या पाठीमागे प्लायची फळी लावली आणि तिच्यावर अ‍ॅम्प, चारी बाजूंनी हवा खेळेल असा.

बॅटरी जोडली, शेवटी फ्यूज घातला, चावी फिरवली, अ‍ॅम्पवर हिरवा दिवा लागला. मेहुण्याला लगेच गाणं लावायचं होतं. मी वूफरच्या तारा अजून जोडल्याच नव्हत्या. आधी गेन.

गेन म्हणजे आवाजाचं बटण, असं समजून लोक ते पूर्ण फिरवतात आणि वूफर जाळतात. स्टिरिओतून येणारा सिग्नल आणि अ‍ॅम्पची ताकद यांचा मेळ घालायला तो असतो. गणित असं: वॅटला ओहमने गुणायचं आणि वर्गमूळ काढायचं. २५० गुणिले ४ म्हणजे १०००, त्याचं वर्गमूळ ३१.६ व्होल्ट. पेन ड्राइव्हमध्ये ५० हर्ट्झचा एकसुरी टोन घेतला, स्टिरिओचे बेस-ट्रेबल शून्यावर, आवाज पाऊणपर्यंत, आणि अ‍ॅम्पच्या वूफरच्या टर्मिनलवर एसी व्होल्टवर ठेवलेला मल्टीमीटर. आपल्या घरातली वीज ५० हर्ट्झचीच, त्यामुळे अगदी स्वस्तातला मीटरही या सुरावर बरोबर वाचतो. गेन सावकाश फिरवत २८ व्होल्टवर थांबलो. वरचा थोडा भाग मुद्दाम मोकळा ठेवला, कारण सगळीच रेकॉर्डिंग सारख्या आवाजात केलेली नसतात. मग वूफर जोडला आणि टोन चालू असतानाच अ‍ॅम्पच्या अर्थ टर्मिनलपासून बॅटरीच्या निगेटिव्हपर्यंत लांब तार लावून डीसी मोजला. व्होल्टचा दहावा हिस्साही नव्हता. अर्थ चांगला आहे की नाही, हे सांगायला यापेक्षा खात्रीची दुसरी परीक्षा मला माहीत नाही. स्वस्त मीटरला बारीक ओहम नीट कळत नाहीत, आणि वीज वाहत नसताना सैल जोडही चांगला दिसतो.

पहिल्यांदा मंडळाचं रेकॉर्डिंग लावलं तेव्हा थाप ऐकू आली, आणि तिच्यासोबत सगळी गाडी वाजली. हे ठरलेलंच असतं. ४० हर्ट्झच्या लाटेची लांबी साडेआठ मीटर, आणि स्विफ्टची लांबी ३८४० मिलिमीटर. लाट गाडीत मावत नाही, आतली सगळी हवा एकदम दाबली जाते आणि सुटते. छोट्या गाडीत थोड्या वॅटमध्ये भरपूर खोली मिळते ती यामुळे, आणि जे जे सैल आहे ते ते वाजतं तेही यामुळेच. फोनमधल्या टोन जनरेटरचं अ‍ॅप लावलं आणि वीसपासून शंभर हर्ट्झपर्यंत एकेक सूर सावकाश चढवत नेला. मेहुणा बाहेर, मी आत. पस्तीसला डिकीवरची ट्रे बोलली. तिच्या दोन्ही टेकूंवर फेल्ट चिकटवलं. बेचाळीसला मागून कर्कश पत्र्याचा आवाज आला. मेहुण्याने डिकीच्या दारावर तळवा दाबला, आवाज तसाच. नंबरप्लेटवर दोन बोटं टेकवली, आवाज बंद. “दाजी, प्लेट!” ही उच्च सुरक्षा नंबरप्लेट, तिचे स्नॅप लॉक उघडून परत लावता येत नाहीत, ते तोडावेच लागतात. म्हणून कडेने पातळ फोमच्या पट्ट्या पातीच्या टोकाने आत सरकवल्या. पन्नासच्या पुढे स्टेपनीजवळचा जॅक, मग मागच्या बेल्टचं मोकळं बक्कल, मग डॅशबोर्डवरचा गणपती, जो चिकटवलेल्या बैठकीवर किंचित डोलत होता. त्याला नवा टेप लावला. डिकीच्या दाराची आतली पट्टी काढून पत्र्याला ब्युटाइलची (थरथर शोषणाऱ्या रबराची) शीट रोलरने दाबून बसवली. त्यानंतर दार लावतानाचा आवाजही भरीव झाला. वायरिंगपेक्षा या कामाला जास्त वेळ गेला असेल, पण ते सोडून कितीही महाग वूफर लावा, ऐकू येणार ती खडखड.

लो पास, म्हणजे वूफरकडे कुठल्या सुरापर्यंतचाच आवाज जाऊ द्यायचा ती मर्यादा, ८० हर्ट्झवर ठेवून मी बाबांना गाडीत बसवलं. स्टिरिओ कुठला, वॅट किती, यात त्यांना रस नव्हता. डोळे मिटून थोडं ऐकलं आणि म्हणाले, “आवाज मागून येतोय रे. पखवाजवाला काय डिकीत बसलाय?” मी लो पास खाली आणत ६५ च्या आसपास नेला. खालचे सूर कुठून येतात हे कानाला सांगता येत नाही. वरचे सूर वूफरमध्ये राहिले की जागा कळते. आता ते म्हणाले, “पुढं आला. पण थाप पोकळ लागतेय.” मग अ‍ॅम्पवरचा फेजचा खटका शून्यावरून १८० वर केला. दारातले स्पीकर आणि वूफर जिथे एकमेकांना भेटतात तिथे एक हवा ढकलत असताना दुसरा ओढत असला, तर मधला आवाज खाल्ला जातो. कागदावर कुठली बाजू बरोबर हे ठरवता येत नाही, कारण ते बॉक्स कुठे ठेवलाय त्यावर अवलंबून. खटका पडला तसे बाबांचे हात मांडीवर आले आणि डावा हात ठेका धरायला लागला. पुढे त्यांनी आणखी एक सांगितलं, “थोडा कमी कर. शाईच्या बाजूचं दबतंय.” म्हणजे उजव्या हाताचे बोल. गेन जरासा उतरवला. बॉक्समध्ये अर्धा किलोच्या आत पॉलिस्टरचा कापूस भरून पाहिला; थाप आणखी मोकळी झाली, तो तसाच ठेवला. हे सगळं कुठल्या मीटरने मला सांगितलं नसतं. तुमच्या घरात ढोलकी, तबला, पखवाज, बेस गिटार, काहीही वाजवणारं कुणी असेल तर शेवटचं सेटिंग त्यांना समोर बसवून करा. ज्याने ते वाद्य हाताने वाजवलंय त्याला ते कसं वाजायला हवं हे पक्कं माहीत असतं.

खर्चाचं सांगायचं तर वूफर, अ‍ॅम्प, तांब्याची वायर, एमडीएफ, शीट आणि किरकोळ सामान मिळून अठरा हजारांच्या आत बसलं. त्यात वायर आणि जोडसामानाचा वाटा लोक धरतात त्यापेक्षा मोठा होता, आणि तो तसाच असावा. हजार रुपये वाचवायचेच असतील तर वूफर एक पायरी खालचा घ्या, वायर नको.

वापरातल्या दोन-तीन गोष्टी. छोट्या पेट्रोल गाड्यांची बॅटरी साधारण ३५ अँपिअर-अवरची असते, त्यामुळे इंजिन बंद ठेवून तासभर गाणी लावू नयेत, सकाळी स्टार्टर उचलणार नाही. नवे जोड महिन्याभराने पुन्हा आवळावेत. खड्ड्यांतून फिरल्यावर बॅटरीवरचा लग आणि अर्थचा नट दोन्ही थोडे फिरलेले मिळाले. लांबच्या प्रवासानंतर फ्यूज होल्डरला हात लावून पाहावा. कोमट चालतं, चटका बसला तर जोड सैल आहे. रहिवासी भागात रात्री दहानंतर ध्वनिमर्यादा ४५ डेसिबलची आहे, आणि खालचे सूर भिंतीतूनही जातात, म्हणून सोसायटीच्या फाटकाच्या आत मी अ‍ॅम्पचा बेस नॉब शून्यावर आणतो.

बॉक्सच्या मागे मी स्पीकॉन सॉकेट लावलंय, लाउडस्पीकरवाले वापरतात तसलं, पीळ देऊन अडकणारं. गावाला सामान भरून जायचं असलं की ते सोडायचं, दोन पट्टे काढायचे आणि बॉक्स उचलून घरी ठेवायचा. पट्टे मात्र डिकीच्या हुकांना घट्टच हवेत. बारा-तेरा किलोचा मोकळा बॉक्स जोरात ब्रेक लागल्यावर थेट मागच्या सीटच्या पाठीवर येतो.